घरकुलाचे पैसे आणि आपली देखरेख

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी आपल्या वर्धापनदिनाला बाहेरगावच्या कुणी शिकलेल्या बाई येऊन बोलतात. यंदा चिटणीसबाईंनी ठरवले की आपल्यातलीच कुणीतरी बोलावी, आणि ती पाळी माझ्यावर आली. माझे शिक्षण सातवीपर्यंत. तेव्हा मी जे सांगणार ते चुलीजवळ बसून बोलावे तसेच सांगणार. त्यात काही कमीजास्त वाटले तर पदरात घ्यावे.

मी विषय निवडला आहे घरकुलाच्या अनुदानाचा. आज आपल्या गावात दहा बायका एकत्र आल्या की भाजीच्या भावाखालोखाल बोलणे निघते ते घरकुलाचे. कुणाचे नाव यादीत आले, कुणाचा हप्ता अडकला, कुणाच्या भिंती पावसात भिजताहेत, हेच चालू असते. ‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे जुनी माणसे म्हणत. आता सरकार मदत देते, तरी त्या म्हणीतला खरेपणा कमी झालेला नाही. माझे सांगणे थोडक्यात असे की सरकारकडून पैसे येतात, पण त्या पैशांचे घर तेव्हाच होते जेव्हा घरातली बाई यादीपासून छपरापर्यंत प्रत्येक पायरीवर उभी राहते. हे मी का म्हणते ते आता क्रमाने सांगते.

ही मदत काही कालपरवाची नाही. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामूहिक विकास योजना सुरू झाली. विहिरी, रस्ते, शाळा, शेती यांबरोबर बायकांचे काम पाहायला ग्रामसेविका आणि मुख्यसेविका गावोगाव फिरू लागल्या, आणि पुष्कळ गावांत महिला मंडळे उभी राहिली ती त्यांच्या खटपटीतून. १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या. घरांसाठी इंदिरा आवास योजना १९८५ साली निघाली आणि १९९६ पासून ती स्वतंत्र योजना झाली. २०१६ साली तिच्या जागी प्रधानमंत्री आवास योजना, ग्रामीण, ही आली. शिवाय आपल्या राज्याच्या रमाई, शबरी, मोदी आवास अशा निरनिराळ्या समाजांसाठी घरकुल योजना आहेत. नावे वेगळी असली तरी पैसे मिळण्याची वाट थोड्याफार फरकाने सारखीच. ग्रामसभा, पंचायत समिती, बँकेचे खाते, आणि बांधकाम जसे चढेल तसे हप्ते.

आता हिशोब पाहू. वाण्याच्या वहीचा हिशोब आपण पै-पैने तपासतो, मग हा का तपासू नये? इंदिरा आवासमध्ये २०१३ पासून सपाट भागात ७०,००० रुपये मिळत. २०१६ पासून ते १,२०,००० झाले आणि डोंगराळ भागात १,३०,००० झाले. यात केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के. २०२५ साली आपल्या राज्याने योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातील घरकुलांना आणखी ५०,००० देण्याचे ठरवले. त्यातले ३५,००० बांधकामाचे आणि १५,००० छपरावर सूर्यावर चालणारी वीज बसवली तरच. शौचालयाचे स्वच्छ भारतमधून १२,००० वेगळे. आणि स्वतःच्या घरावर राबल्याबद्दल रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी. २०२५-२६ साली महाराष्ट्रात ही मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती, म्हणजे ९० दिवसांचे २८,०८० झाले. डिसेंबर २०२५ मध्ये रोजगार हमीच्या जुन्या कायद्याच्या जागी संसदेने नवा कायदा केला आहे, तेव्हा मजुरीचे पुढे कसे, हे काम काढण्याआधी पंचायतीत विचारून घ्यावे.

हे सारे मी वहीत मांडले. एक लाख वीस हजार, अधिक पस्तीस हजार, अधिक बारा हजार, अधिक अठ्ठावीस हजार ऐंशी. बेरीज आली १,९५,०८०. ऐकायला हा आकडा मोठा वाटतो. पण कुठल्याही गवंड्याला विचारा, तो सांगेल की आजच्या सिमेंट-सळईच्या भावात एवढ्यात दोन खोल्यांचे घरसुद्धा ओढाताणीने होते. सरकारी कागदातही याला ‘सहाय्य’ असाच शब्द आहे. उरलेले आपल्या हातापायांनी आणि जुन्या घराचे दगड, दारे, पत्रे वापरून भरून काढायचे असते. २०२५ च्या वाळू धोरणात घरकुलासाठी ५ ब्रासपर्यंत वाळू विनामूल्य ठेवली आहे, तीही मागून घ्यावी. बँकेकडून ७०,००० पर्यंत कर्ज मिळवून देण्याची सोय योजनेत आहे, पण ते फेडावे लागते हे विसरू नये.

आणि पैसे एकदम हातात पडत नाहीत. पहिला हप्ता मंजुरीबरोबर येतो, तो १५,००० रुपयांचा. पुढचे हप्ते काम पाहून येतात. जोते झाले की फोटो, दारा-खिडक्यांच्या वरपर्यंत काम आले की फोटो, छप्पर पडले की फोटो. फोटो मोबाइलवर जागेच्या खुणेसकट काढला जातो, म्हणून दुसऱ्याच्या घराचा दाखवून चालत नाही. याचा अर्थ असा की जिथे काम थांबले तिथे पैसेही थांबतात. पैसे नाहीत म्हणून काम नाही, आणि काम नाही म्हणून पैसे नाहीत, अशा कात्रीत माणूस सापडतो.

आपल्याच गल्लीतली एक बहीण अशी सापडली होती. तिची परवानगी घेऊनच सांगते आहे, नाव घेत नाही. ती इथे बसली आहे. तिला घरकुल मंजूर झाले तेव्हा घरात आनंदीआनंद झाला. योजनेत घर निदान २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट लागते, आणि त्यात स्वयंपाकाची जागा धरलेली असते. पण घरच्या माणसांनी विचार केला की घर काय पुन्हापुन्हा बांधायचे आहे? दोन मुलगे आहेत, उद्या सुना येतील. म्हणून जोते घातले वीस फूट बाय अठ्ठावीस फुटांचे, म्हणजे ५६० चौरस फुटांचे. दुपटीहून मोठे. चूक कोणाचीही नव्हती, सारे प्रेमापोटीच केलेले. पण जोत्यातच दोन हप्त्यांइतका पैसा गेला. भिंती खिडकीपर्यंत आल्या आणि थांबल्या. मग एका कर्ज देणाऱ्या कंपनीचा माणूस दारात आला. आठवड्याच्या आठवड्याला हप्ता. बाईने शेळ्या विकून हप्ते भरले. तीन पावसाळे त्या भिंती उघड्या राहिल्या आणि तीन पावसाळे ती दोन लेकरे घेऊन ताडपत्रीखाली राहिली. मंजुरीपासून बारा महिन्यांत घर पुरे व्हावे असा नियम, त्यामुळे पंचायत समितीतून नोटीस आली ती वेगळीच.

गेल्या वर्षी ती मंडळाच्या बैठकीला आली आणि कोपऱ्यात बसून रडली. तेव्हा आपल्या मंडळाने जे केले ते मला फार मोलाचे वाटते. पंचायत समितीत घरकुलांसाठी ग्रामीण गृहनिर्माण अभियंता असतो. आपण पाचजणी जाऊन त्यांना जागेवर घेऊन आलो. त्यांनी फिरून पाहिले आणि विचारले, “सगळे पुरे करायचा हट्ट कशाला धरता? अर्ध्यावर छप्पर टाका.” चौदा बाय वीस, म्हणजे २८० चौरस फूट. योजनेच्या मापात बसते. पण त्यासाठी मध्ये आडवी भिंत हवी, आणि विटांना पैसे कुठले? मग पलीकडच्या अर्ध्या भागाच्या भिंती उतरवायच्या आणि त्याच विटा आडव्या भिंतीला लावायच्या, असे ठरले. स्वतः बांधलेली भिंत स्वतः उतरवणे सोपे नसते. तिचे मालक दिवसभर तोंड फिरवून बसले होते. पण संध्याकाळी तेच उठले आणि विटांचा चुना-माती खरवडू लागले. आपल्या बचत गटाने ३०,००० रुपये कमी व्याजाने दिले, आणि दर रविवारी आपण सातआठजणी विटा-वाळू वाहायला गेलो. वरचे काम आले, फोटो झाला, अडकलेला हप्ता आला, आणि छप्पर पडले. या गुढीपाडव्याला तिने नव्या घरात दूध उतू घातले. उरलेल्या अर्ध्या जोत्याचा आज ओटा झाला आहे आणि यंदाचे आपले पापड-कुरडया तिथेच वाळल्या. कंपनीचे कर्ज अजून फिटायचे आहे, पण डोक्यावर छप्पर घेऊन कर्ज फेडणे आणि ताडपत्रीखाली बसून फेडणे यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. उद्या मुलगे कमावते झाले तर तेच जोते खोल्या वाढवायला तयार आहे. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण आपण मुलांना सांगतो. जोते आखताना फक्कीची रेघ पडते तेव्हाच ती मोठ्या माणसांनाही आठवून द्यावी, आणि ते काम आपण बायकांनी करावे.

आता कुणी म्हणेल की बांधकामातले बायकांना काय कळते? याला उत्तर आपल्या लातूर-धाराशिव भागानेच देऊन ठेवले आहे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट इथल्या कुणाला सांगायला नको. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून लोक नुकते निजले होते. चारच्या सुमारास धरणी हलली आणि किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूच्या गावांत आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. मी तेव्हा औसा तालुक्यात माहेरी सातवीत होते. आमच्या घरातले सगळे वाचले, पण शाळेची इमारत आणि आमचे घर दोन्हींना तडे गेले, आणि त्या वर्षानंतर माझी शाळा सुटली ती सुटलीच.

इतकी माणसे का गेली? आपली जुनी घरे दगड-मातीची. दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती, आत एक थर, बाहेर एक थर, मध्ये चिखल आणि लहान दगड. वर लाकडावर मातीचे माळवद, आणि गळू नये म्हणून त्यावर वर्षानुवर्षे टाकत गेलेली आणखी माती. भिंत हलली की दोन थर दोन बाजूंना फाकत आणि वरचे सारे ओझे माणसांवर येई. ज्या घराने उन्हात गारवा दिला त्यानेच घात केला.

पुढे सरकारने जागतिक बँकेच्या मदतीने घरे बांधण्याचे मोठे काम काढले. ५२ गावे नव्या जागी वसवली. आणि ज्या गावांत घरे पडली नव्हती पण खिळखिळी झाली होती, तिथे दुरुस्ती-मजबुतीसाठी घरमालकांनाच टप्प्याटप्प्याने अनुदान दिले. अशी घरे दीड लाखाहून अधिक होती. एवढ्या घरी सरकारचा माणूस कुठे पुरणार? तेव्हा स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीने गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमले गेले. हजाराहून अधिक गावांत हे झाले. आमच्या गावात माझी आई त्या कामात होती. तिला सही करता येई, त्यापलीकडे फारसे लिहिता येत नसे. पण अभियंत्यांनी शिकवलेले तिने असे पाठ केले होते, जशी ओवी पाठ असावी. भिंतीतून आरपार जाणारा लांब दगड ठराविक अंतरावर घाला म्हणजे दोन्ही थर बांधले जातात. दारा-खिडक्यांच्या वर चारी भिंतींवरून सळई-काँक्रीटचा सलग पट्टा फिरवा, तो कुठे तोडू नका. माळवदावरची जादा माती उतरवा. कोपरे बांधून घ्या. हे ती घरोघर सांगत फिरे, आणि कुठे काम चुकत असले तर गवंड्याला थांबवी. गवंडी आधी हसत. पुढे पुढे काम सुरू करण्याआधी तेच विचारू लागले, की बाई, येऊन बघून जा.

त्या वेळी पुष्कळ लोकांनी एक शहाणपण केले. सारे जुने घर थोड्या पैशांत दुरुस्त करण्यापेक्षा त्या अनुदानात एकच नवी, पक्की, पट्टा घातलेली खोली बांधली. निदान रात्री निजायला एक जागा तरी निर्धास्त झाली. आपल्या गल्लीतल्या बहिणीने अर्ध्या जोत्यावर छप्पर टाकले त्याची ही थोरली बहीणच म्हणायची.

तीस वर्षांपूर्वी सही करणाऱ्या बायकांना जे जमले ते आज आपल्याला न जमायला काय झाले? घरकुलाच्या नियमात एक गोष्ट स्पष्ट आहे की घर ठेकेदाराकडून बांधून घ्यायचे नाही, ज्याचे घर त्याने स्वतः बांधायचे. तरीही दरवर्षी कुणी ना कुणी येतो आणि म्हणतो, पासबुक द्या, सह्या करून ठेवा, घर तयार करून किल्ली देतो. भगिनींनो, पासबुक कुणाला देऊ नका. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका. आणि भिंत चढत असताना रोज एक चक्कर मारा. गवंडी ओळंबा लावतो की नाही ते पाहा. माल कालवताना सिमेंटचे आणि वाळूचे घमेले स्वतः मोजा. विटा लावण्याआधी भिजवल्या की नाहीत ते पाहा. बांधकामाला निदान आठवडाभर आणि स्लॅबला निदान दोन आठवडे पाणी मारा. स्लॅबवर वाळूची आळी करून पाणी साठवले तर आणखी चांगले. हंडाभर पाणी लांबून आणावे लागते हे मला ठाऊक आहे, पण त्या वेळी वाचवलेले पाणी पुढे प्रत्येक पावसाळ्यात छतातून गळून आपला सूड घेते. आणि दारा-खिडक्यांवरचा तो पट्टा आपल्या भागात तरी कुणी सोडू नये.

यानंतर नावाचा प्रश्न. प्रधानमंत्री आवासच्या नियमाप्रमाणे घरकुल बाईच्या नावे किंवा नवरा-बायको दोघांच्या नावे मंजूर व्हायचे असते. विधुर, अविवाहित किंवा विभक्त राहणारा पुरुष असेल तर गोष्ट वेगळी. पण मंजुरीपत्रावर नाव येणे आणि ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या वहीत नाव येणे या दोन गोष्टी आहेत. नमुना ८ म्हणजे गावातल्या घरांच्या कराची नोंद. २००३ साली राज्य सरकारने सांगितले आहे की घराची नोंद नवरा-बायको दोघांच्या नावे करावी. आपल्यातल्या किती जणींनी आपल्या घराचा उतारा काढून पाहिला आहे? मागच्या महिन्यात मी बैठकीत विचारले तर एकवीसपैकी चौघींचे हात वर झाले. त्या चौघींतही दोघींचीच नावे उताऱ्यावर होती.

नाव लागल्याने संसारात दुरावा येतो असे काहींना वाटते. मला तसे वाटत नाही. आपल्या मागच्या आळीतल्या एका विधवा बहिणीचे पाहा. तिचे नाव यादीत आले, पण जागा होती वारलेल्या सासऱ्यांच्या नावे. जागेचा कागद नाही म्हणून घरकुल अडले. दीर वाईट मनाचे नाहीत, पण जागा दिली तर आपल्या मुलांचे काय, ही धाकधूक त्यांच्याही पोटात होती. मंडळाच्या दोन वडीलधाऱ्या बायका त्यांच्या घरी चहाला गेल्या, एकदा नव्हे, चार वेळा गेल्या. वाटणीत तिच्या नवऱ्याच्या हिश्श्याची जागा जेवढी येईल तेवढीच, असे बोलणे झाले. दिरांनी संमतीपत्र दिले आणि ग्रामसभेत ते वाचून घेतले. सासऱ्यांच्या हयातीत किंवा नवऱ्याच्या हयातीत तिचे नाव वहीत असते तर त्या चार फेऱ्या आणि दीड वर्षाची तिची झोप वाचली असती. आणि ज्यांना मुळी जागाच नाही त्यांनीही हात टेकू नयेत. जागा विकत घेण्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची राज्याची योजना आहे. २०१५ साली तिच्यात ५०,००० रुपयांपर्यंत मिळत, २०२४ साली ती मर्यादा १,००,००० झाली.

शेवटचा मुद्दा ग्रामसभेचा. सगळ्याचे मूळ तिथे आहे. २०१६ साली योजना सुरू झाली तेव्हा २०११ च्या पाहणीवरून याद्या केल्या होत्या. बेघर आणि कच्च्या एक-दोन खोल्यांत राहणारी कुटुंबे त्यात घ्यायची आणि ती यादी ग्रामसभेने तपासायची, असा नियम. पहिल्या यादीतून सुटलेल्यांसाठी पुढे पुन्हा पाहणी झाली. घरात फ्रिज आहे, दुचाकी आहे म्हणून पूर्वी नाव गळायचे, २०२४ पासून त्या दोन्ही गोष्टी आड येत नाहीत, आणि महिन्याच्या उत्पन्नाची मर्यादा १०,००० वरून १५,००० वर गेली. त्याच वर्षी केंद्राने २०२९ पर्यंत आणखी २ कोटी घरे बांधण्याचे ठरवले. म्हणजे दार अजून बंद झालेले नाही. पण यादी वाचली जाते त्या दिवशी आपण घरी पोळ्या लाटत असलो तर आपल्यासाठी कोण बोलणार?

आपल्या ग्रामपंचायत कायद्यात आहे की ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यावी. पुष्कळ गावांत ही सभा कागदावरच होते. वहीत ठराव लिहिला जातो, आणि सह्या मागाहून घरोघर फिरून घेतल्या जातात. आपण अशी सही करू नये. सभेला जाऊन करावी. तिथे यादी मोठ्याने वाचायला सांगावी. आपले नाव ऐकावेच, पण आपल्या शेजारणीचेही ऐकावे. गावाबाहेरच्या पालातली म्हातारी, ऊसतोडीला गेलेले कुटुंब, अंथरुणाला खिळलेल्या माणसाची बायको, यांना सभेला येता येत नाही. त्यांची नावे आहेत का हे पाहणे मंडळाचे काम आहे. आणि ज्याला गरज नाही त्याचे नाव पुढे असेल तर तेही नीट, न भांडता, पण उभे राहून सांगावे. हे सांगताना वाईटपणा येतो, मीही गेल्या १५ ऑगस्टच्या सभेत तो घेतला आहे. आठ दिवस एका घराने माझ्याशी बोलणे टाकले होते. नंतर हळदीकुंकवाला त्यांच्याच घरून बोलावणे आले.

आता मंडळाला माझ्या चार सूचना आहेत. घरकुलाची एक वही मंडळात ठेवावी. कुणाचे मंजूर झाले, कितवा हप्ता आला, काम कुठे थांबले, हे तिच्यात दर महिन्याला लिहावे. वही लिहायला मी तयार आहे, अक्षर बरे आहे माझे. दुसरे, जोते आखण्याच्या दिवशी मंडळाच्या दोन सभासदांनी टेप घेऊन हजर राहावे आणि माप योजनेत आणि ऐपतीत बसते की नाही ते घरच्या माणसांना बोलून दाखवावे. तिसरे, येत्या तीन महिन्यांत प्रत्येक सभासदाने आपला नमुना ८ चा उतारा काढावा, आणि नाव नसेल तर अर्ज द्यावा. अर्ज आपण बैठकीत मिळून भरू. चौथे, बचत गटात थोडी रक्कम फक्त अडकलेल्या घरकुलासाठी बाजूला ठेवावी, म्हणजे आठवड्याच्या हप्त्यावाल्यांच्या दारी जायची पाळी कुणावर येणार नाही. थेंबे थेंबे तळे साचते. महिन्याला वीस-वीस रुपयांनी सुरुवात केली तरी पुढच्या वर्धापनदिनापर्यंत एका घराच्या पट्ट्यापुरते सिमेंट आपल्यापाशी जमेल.

माझ्या आईला लोक ‘पट्टेवाल्या बाई’ म्हणत, कारण ती ज्याच्या त्याच्या घरी पट्ट्याचे विचारायची. तिने चढवून घेतलेल्या भिंती आमच्या माहेरी आजही उभ्या आहेत. तिला त्या कामाचा मोठा अभिमान होता आणि तो तिने कधी बोलून दाखवला नाही. आपल्या मंडळाच्या वहीतही अशा पुऱ्या झालेल्या घरांची नावे एकाखाली एक चढत जावीत, एवढी माझी इच्छा आहे.

 सूचनांवर आजच चहापाण्यानंतर बोलू. जाण्याची घाई कुणी करू नये.